पाळकांची सुट्टी ठरावात हवी

संपादक महोदय,

राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंतचे ४६ दिवस, म्हणजे उपवासकाळ, पाळकांची (चर्चच्या धर्मगुरूंची) दमछाक करतात. ते सरतात तोच लग्नसराई आणि नागपूरचा मे महिना. सोमवार पाळकसाहेबांच्या सुट्टीचा, असं सगळेच म्हणतात; पण पार्सनेज, म्हणजे त्यांचं राहतं घर, चर्चच्याच आवारात, त्यामुळे ‘साहेब, पाचच मिनिटं’ म्हणत फाटक वाजतंच. बाप्तिस्म्याचा दाखला, भावकीचं भांडण, काहीही. साहेब नसले तर पाळकीणबाई, त्यांच्या पत्नी, आहेतच, बिनपगारी.

सुट्टी पाळकांच्या मर्जीवर सोडली की मोडते, कारण ‘नाही’ म्हणणं त्यांना जमत नाही. म्हणून ती पास्टोरेट कमिटीच्या, म्हणजे चर्चचा कारभार पाहणाऱ्या समितीच्या, ठरावात यावी. रविवारची संध्याकाळची उपासना आटोपल्यापासून मंगळवार सकाळपर्यंत साहेबांचा फोन कमिटीतल्या दोघांनी आळीपाळीने घ्यावा. साहेबांना कळवायची कारणं तीनच: मृत्यू, आयसीयू, पोलीस. दफनविधीसाठीही शेजारच्या मंडळीचे (चर्चच्या सभासद-समूहाचे) पाळक आधीच सांगून ठेवावेत; ऐनवेळी फोनाफोनी सुरू झाली की शेवटी आपले साहेबच धावतात.

वार्षिक रजेत सलग दोन रविवार मोकळे हवेत. एका रविवारहून दुसऱ्या रविवारपर्यंतची रजा म्हणजे फसवणूक. अर्धी थकवा उतरण्यात जाते, उरलेली पुढच्या उपदेशाच्या तयारीत. पाहुण्या उपदेशकाचं मानधन आणि प्रवासखर्च अंदाजपत्रकात धरावा, नाहीतर तो पाळकांच्याच खिशातून जातो. पैसे नसतील तर दोन मंडळ्यांनी एकमेकींचे रविवार सांभाळावेत. सहा चर्च एकत्र येऊन २९ नोव्हेंबर १९७० रोजी चर्च ऑफ नॉर्थ इंडिया याच नागपुरात स्थापन झालं. तिथे एवढी देवघेव जड जाऊ नये.

रिट्रीटला, म्हणजे प्रार्थना-मननाच्या शिबिराला, सुट्टी समजू नका. पहाटेपासून रात्रीपर्यंत सत्रं ऐकून माणूस ताजा होत नाही. कॅथलिक चर्चच्या १९८३ च्या कायद्यातला ५३३ वा नियम पॅरिशच्या (स्थानिक धर्मग्रामाच्या) फादरांना वर्षाला एक महिन्यापर्यंत सुट्टी देतो आणि रिट्रीटचे दिवस त्यात धरत नाही. बाकीच्या मंडळ्यांनी हा हिशेब खुशाल उचलावा. ‘अधिक प्रार्थना करा’ असा सल्ला देणाऱ्यांनी बायबलमधला १ राजे १९ वाचावा: गळून गेलेल्या एलीया संदेष्ट्याला देवदूताने भाकर-पाणी दिलं आणि तो पुन्हा झोपला. प्रवास नंतरचा.

राहिला खेळ. सदरजवळच्या मैदानात मंडळीचीच माणसं भेटतात आणि दोन फेऱ्यांत मीटिंग सुरू होते. त्यापेक्षा तीन-चार वेगवेगळ्या चर्चच्या पाळकांनी आठवड्यातून एकदा बॅडमिंटनचं कोर्ट तासाभरासाठी घ्यावं; उन्हाळ्यात सकाळी सहालाच, किंवा घरात कॅरम. सेवेचा अहवाल, जमाखर्च, डायोसिसचं (बिशपच्या धर्मप्रांताचं) राजकारण वर्ज्य. ज्याने विषय काढला त्याने सगळ्यांना तर्री-पोहे खिलवावेत.

– एक मंडळी-सदस्य, नागपूर