परमवीर अरुण खेत्रपाल अभ्यासिकेसाठी मदतीचे आवाहन

सर्व ग्रामस्थ, माहेरवाशिणी आणि नोकरीधंद्यानिमित्त बाहेरगावी असलेले बंधू-भगिनी यांना सप्रेम नमस्कार.

सैन्य आणि पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुलामुलींसाठी आपल्या सार्वजनिक वाचनालयाच्या मागच्या खोलीत अभ्यासिका सुरू करण्याचे आणि तिला सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल यांचे नाव देण्याचे कार्यकारी मंडळाने ठरविले आहे.

हे नाव ऐकून काही ज्येष्ठांनी विचारले की, हा मुलगा बीड जिल्ह्याचा नाही, मग त्याचे नाव आपल्या गावात कशासाठी? प्रश्न रास्त आहे, म्हणून उत्तर सविस्तर देत आहोत. खेत्रपाल यांचा जन्म १४ ऑक्टोबर १९५० रोजी पुण्यात झाला, खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत ते शिकले आणि जून १९७१ मध्ये पूना हॉर्स या रणगाड्यांच्या रेजिमेंटमध्ये अधिकारी म्हणून रुजू झाले. युद्धाचे ढग जमू लागले तेव्हा ते आपल्या आष्टी तालुक्याला लागून असलेल्या नगरमध्ये तरुण अधिकाऱ्यांचे प्रशिक्षण घेत होते. ते अर्धवट सोडून त्यांना आघाडीवर जावे लागले. वाटेत दिल्लीला घरी थांबले असता त्यांनी गोल्फच्या काठ्यासुद्धा सामानात घेतल्या, लाहोरला खेळता येईल म्हणून. वय अवघे एकवीस.

१६ डिसेंबर १९७१ रोजी, ज्या दिवशी ढाक्यात पाकिस्तानी फौजेने शरणागती पत्करली त्याच दिवशी, शकरगढ भागात बसंतर नदीपलीकडे शत्रूच्या रणगाड्यांचा मोठा हल्ला आला. त्या लढाईत शत्रूचे दहा रणगाडे उद्ध्वस्त झाले, त्यांपैकी चार एकट्या खेत्रपाल यांनी. त्यांच्या ‘फामागुस्ता’ या रणगाड्याला आग लागली तेव्हा तो सोडून बाहेर पडण्याचा हुकूम वायरलेसवर आला, पण तोफ अजून चालते आहे, असे कळवून ते जागेवरून हलले नाहीत. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले. तो रणगाडा आज नगरच्या आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलमध्ये जपून ठेवलेला आहे. आपल्या गावापासून इतक्या जवळ ज्याच्या अखेरच्या शिक्षणाचे दिवस गेले, त्याला परका म्हणणे आमच्या मनाला पटत नाही.

त्याच वयाची आपली मुले पहाटे पाचला डांबरी रस्त्याच्या कडेने धावतात. काहींच्या बुटांचे तळ सुतळीने बांधलेले असतात. धावून आले की वाचनालयाच्या ओट्यावर बसून मोबाईलच्या उजेडात गणिते सोडवतात, आणि पाऊस आला की वह्या पोटाशी धरून घरी पळतात, कारण मागच्या खोलीचे पत्रे गंजून दोन ठिकाणी गळतात. यांतील कित्येकांचे आईवडील दसऱ्यानंतर कोयता घेऊन कारखान्याला जातात आणि मुले आजीआजोबांजवळ राहतात. अशा मुलांना रात्री बसायला हक्काची, उजेडाची जागा असावी, एवढीच आमची तळमळ आहे.

पत्रे बदलणे, फरशी, वीजजोडणी, वीस जणांसाठी टेबल-खुर्च्या आणि भरतीची पुस्तके ही कामे करावयाची आहेत. रोख देणगीप्रमाणेच सिमेंट, वाळू, पंखा किंवा जुनी पण चालू आवृत्तीची पुस्तकेही आनंदाने स्वीकारली जातील. मात्र ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांनी मुकादमाकडून घेतलेल्या उचलीतून एक रुपयाही देऊ नये, ही हात जोडून विनंती आहे. त्यांनी सवडीने एक दिवस श्रमदानाला यावे.

काम दसऱ्याच्या आत पुरे करावयाचे आहे. उद्घाटन १६ डिसेंबरला ठेवावे, अशी सूचना आली होती, परंतु तेव्हा निम्मे गाव उसाच्या फडात असते आणि ज्यांच्या लेकरांसाठी ही खोली आहे तेच हजर नसतील, हे आम्हाला योग्य वाटले नाही. १६ डिसेंबरला गावात असलेली मुले खेत्रपाल यांच्या प्रतिमेला फुले वाहतील.

देणगी वाचनालयात रोज सायंकाळी पाच ते सात या वेळेत द्यावी आणि पावती अवश्य घ्यावी. जमाखर्च दर महिन्याच्या पहिल्या तारखेला वाचनालयाच्या फलकावर लावला जाईल.

आपले नम्र,
कार्यकारी मंडळ, सार्वजनिक वाचनालय