जमीन किती खचली, याची नोंद कोण ठेवणार?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पावसाळा तोंडावर आला की साडेचार मीटरपेक्षा उंच भरती कोणत्या दिवशी आणि किती वाजता येणार, याची यादी मुंबई महापालिका जाहीर करते, ती वृत्तपत्रांत छापून येते आणि आमच्यासारखे परळ-हिंदमाता भागातले लोक ती कापून स्वयंपाकघरातल्या कपाटावर चिकटवतात. यादी उपयोगाची आहे, तिच्याविषयी तक्रार नाही. पण ती फक्त पाण्याची उंची सांगते. ते पाणी ज्या जमिनीवर चढणार, तिची उंची गेल्या दहा-वीस वर्षांत कुठे किती बदलली, हे सांगणारा कागद माझ्या पाहण्यात आलेला नाही. स्थापत्य अभियंता म्हणून नोकरीची बरीच वर्षे इमारतींचे पाये खोदण्यात गेल्यामुळे असेल, पण हा प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाही, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

किनाऱ्यावरच्या शहरांत पाणी तुंबले की सगळ्यांचे बोट समुद्राकडे जाते. समुद्राची पातळी वाढते आहे हे खरेच. जगाची सरासरी सध्या वर्षाला चार-पाच मिलिमीटरच्या घरात आहे. मात्र इंडोनेशियातल्या जकार्ताच्या उत्तर भागात सर्वांत वाईट काळात काही ठिकाणी जमीन वर्षाला वीस-पंचवीस सेंटिमीटर खचत होती, म्हणजे समुद्र जितका वर्षानुवर्षांत चढतो तितकी ती काही महिन्यांतच खाली जात होती. त्या शहरातून तेरा नद्या वाहतात आणि पाऊसही भरपूर पडतो, तरी नळाचे पाणी मोठ्या वस्तीला कधी पोहोचलेच नाही. नद्या घाण झाल्या आणि घरांपासून हॉटेलांपर्यंत सर्वांनी कूपनलिका खोदल्या. वाळूच्या थरांतले पाणी उपसले गेले की त्यांच्यामधल्या चिकणमातीतले पाणीही हळूहळू निघून जाते, वरच्या भाराने ती माती दाबली जाते आणि एकदा दाबून बसलेली माती पुन्हा पाणी मिळाले तरी पूर्वीइतकी फुगत नाही. तिथले काही भाग १९७० च्या दशकापासून चार मीटरपर्यंत खाली गेले आहेत. मुआरा बारू या वस्तीत समुद्र आणि घरे यांच्यामध्ये भिंत उभी आहे, भिंतीपलीकडचे पाणी अलीकडच्या रस्त्यापेक्षा उंचावर असते आणि वालादुना नावाची जुनी मशीद भिंतीच्या बाहेर पाण्यात उभी आहे. भिंत तरी कशावर उभी आहे? त्याच खचणाऱ्या जमिनीवर; त्यामुळे तिची उंची पुन्हा पुन्हा वाढवावी लागते. फेब्रुवारी २००७ च्या पुरानंतर तिथे पंप आले, बंधारे आले, महाकाय समुद्रभिंतीचे आराखडे आले आणि ऑगस्ट २०१९ मध्ये तत्कालीन अध्यक्ष जोको विडोडो यांनी देशाची राजधानीच जकार्ताहून बोर्निओ बेटावर हलवण्याची घोषणा केली. राजधानी हलली तरी जकार्तातले कोट्यवधी लोक तिथेच राहणार आहेत, हे वेगळे सांगायला नको.

याच्या उलट उदाहरण टोकियोचे आहे आणि आपल्याकडे त्याची चर्चा फार कमी होते. विसाव्या शतकात टोकियोच्या पूर्वेकडचा कोतो विभाग चार मीटरहून अधिक खचला. कारणाविषयी वाद चालू असतानाच दुसरे महायुद्ध आले, बॉम्बहल्ल्यांत कारखाने बंद पडले, त्यांच्या विहिरींचा उपसा थांबला आणि खचणेही मंदावले. पुढे कारखाने सुरू झाले तशी जमीन पुन्हा खाली जाऊ लागली. कुणालाही नको असलेला हा प्रयोग पुराव्यासाठी पुरेसा ठरला. १९५६ मध्ये उद्योगांच्या आणि १९६२ मध्ये इमारतींच्या भूजल उपशावर कायद्याने मर्यादा घातली गेली, कारखान्यांना नदीचे पाणी देण्याची सोय झाली आणि १९७० च्या दशकात खचणे जवळपास थांबले. भूजल नंतर इतके वर आले की उएनो आणि टोकियो या स्थानकांचे भुयारी भाग पाण्याच्या दाबाने वर उचलले जाऊ नयेत म्हणून वजने ठेवून आणि सळ्यांनी खालच्या घट्ट थरांशी जखडून धरावे लागले! गेलेली उंची मात्र परत आली नाही. त्या विभागाचा बराच भाग आजही बंधाऱ्यांच्या आडोशाने समुद्रपातळीखाली नांदतो आहे.

आता मुंबईकडे वळतो. मुंबई म्हणजे जकार्ता नव्हे, हे आधीच सांगितलेले बरे. आपल्याखाली बसाल्टचा कठीण खडक आहे, त्यामुळे शहरच्या शहर चार मीटर खचेल अशी भीती घालणे चुकीचे ठरेल. पण सात बेटांमधल्या खाड्या बुजवून, बॅकबेला भराव घालून, मिठीकाठच्या दलदलीवर वांद्रे-कुर्ला संकुल उभारून आपण जी जमीन मिळवली, तिथे खडकावर सागरी चिकणमाती आहे आणि तिच्यावर भराव. भराव स्वतःच्या भाराने बसतो, इमारतींच्या भाराने आणखी बसतो. भारतातल्या पाच महानगरांच्या उपग्रह मोजणीवर आधारलेला एक अभ्यास २०२५ मध्ये ‘नेचर सस्टेनेबिलिटी’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यानुसार या शहरांतली ८७८ चौरस किलोमीटर जमीन खचते आहे आणि मुंबईत सर्वाधिक वेग वर्षाला सुमारे २६ मिलिमीटर आढळला. हा आकडा सगळ्या शहराचा नाही, काही ठिकाणांचा आहे. खरी अडचण नेमकी तिथेच आहे.

पर्जन्यवाहिनी जिथे खडकावरून भरावावर जाते तिथे तिचा एक भाग स्थिर राहतो आणि दुसरा बसतो. मुंबईसारख्या सपाट शहरात या वाहिन्यांना उतार मुळातच नावापुरता असतो. त्यात मधला भाग दोन-चार इंच बसला तर तिथे पाणी साचून राहते, गाळ धरतो आणि दर मे महिन्यात कितीही नालेसफाई केली तरी जुलैत पुन्हा तीच जागा तुंबते. समुद्राकडच्या टोकालाही हेच. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडल्यानंतर नेमलेल्या माधवराव चितळे समितीच्या अहवालात नोंद आहे, की पाणी समुद्रात सोडणाऱ्या १८६ पातमुखांपैकी ४५ सरासरी समुद्रपातळीच्याही खाली होती आणि भरतीच्या पातळीपेक्षा उंच फक्त सहा. हाजी अली, इर्ला, गझदरबंध इथली उदंचन केंद्रे त्यानंतर झाली, ती हवीच होती. पण पंपाची क्षमता ठरवताना धरलेली जमिनीची उंची आज तीच आहे का?

आणि उपशाचे काय? २०२५ च्या एप्रिलमध्ये केंद्रीय भूजल प्राधिकरणाच्या ना-हरकत प्रमाणपत्रावरून विहीरमालकांना नोटिसा गेल्या, टँकरवाल्यांनी संप केला आणि शहराचा किती मोठा भाग टँकरच्या पाण्यावर चालतो हे चार दिवसांत सर्वांना कळले. गिरणगावात टोलेजंग इमारतींसाठी तीन-तीन मजले खोल खड्डे खणले जातात, तिथे पंप रात्रंदिवस चालतात आणि ते पाणी सरळ पर्जन्यवाहिनीत जाते. ते किती, कुणाच्या पायाखालून आणि किती महिने काढले, याची नोंद पाहायला मिळेल तेव्हाच खचण्यात त्याचा वाटा किती, की तो नगण्यच आहे, हे ठरवता येईल.

माझी सूचना साधी आहे. शहरभर, विशेषतः भरावाच्या जमिनीवर आणि प्रत्येक पातमुखाजवळ, तलचिन्हे, म्हणजे उंची मोजण्यासाठीच्या पक्क्या खुणा, बसवून त्यांची उंची दरवर्षी पावसाळ्यानंतर मोजावी. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या उपग्रहाधारित स्थानकांशी ती जोडावी. विहिरी, कूपनलिका आणि बांधकामाच्या खड्ड्यांवरील पंपांना मीटर बसवावेत. आणि हे सर्व आकडे भरतीच्या यादीसारखेच जाहीर करावेत. अपोलो बंदरावरच्या भरतीमापकाच्या नोंदी १८७८ पासूनच्या आहेत. समुद्राची इतकी जुनी वही असलेल्या शहरात जमिनीचीही वही असायला हरकत नसावी.

आमची इमारत १९६० च्या दशकातली आहे. पूर्वी तीन पायऱ्या चढून आत यावे लागे, आता एक पायरी उतरावी लागते. रस्त्यावर थरावर थर चढले म्हणून असे झाले, असे बहुतेकांचे म्हणणे. इमारतच बसली, असे दोघा-तिघांचे. सोसायटीच्या सभेत हात वर करून हे ठरणार नाही. फाटकाजवळ तलचिन्ह बसवायला जागा हवी असल्यास ती आम्ही विनामूल्य देऊ.

आपला,
एक निवृत्त स्थापत्य अभियंता
परळ, मुंबई