पटलं तिथं खूण कर

आदरणीय बाई,

सादर नमस्कार.

आमच्या तालुक्याच्या वाचनालयातून तुम्ही निवृत्त झालात त्याला बरीच वर्षं झाली. मी तुम्हाला आठवेनच असं नाही. एसवायला होतो. हिटलरचं 'माइन काम्फ' मराठीत आहे का, असं तुमच्या टेबलाशी येऊन दबक्या आवाजात विचारलं होतं. खरं तर दबकायचं काही कारण नव्हतं. शहरातल्या फूटपाथवर ते व्यक्तिमत्त्व विकासाच्या पुस्तकांशेजारी मांडलेलं असतं, आणि मित्रानं मला ते 'मॅनेजमेंटसाठी भारी' म्हणून सांगितलं होतं.

पेपर वाचत बसलेले एक काका म्हणाले, "पोराला कशाला असलं देता?" तुम्ही त्यांना उत्तरच दिलं नाहीत. कार्डावर तारखेचा शिक्का मारलात, ड्रॉवरमधून दोन बोटं उरलेली पेन्सिल काढलीत आणि म्हणालात, "राग येईल तिथं नको, पटेल तिथं खूण कर. परत देताना खोडून दे, पुस्तक वाचनालयाचं आहे."

मला वाटलं, एकही खूण व्हायची नाही. ज्यूंबद्दलचं विष तर ढळढळीत दिसत होतं. पण पहिल्या भागाच्या सहाव्या प्रकरणात, युद्धातल्या प्रचाराविषयी तो लिहितो तिथं, पेन्सिल चालायला लागली. पहिल्या महायुद्धात जर्मन विनोदी अंकांनी शत्रूची टर उडवली. खंदकात गाठ पडली तेव्हा तोच शत्रू चिवट निघाला आणि आपल्याच लोकांनी फसवलं असं सैनिकाला वाटलं. पटलं, खूण. मुद्दे थोडे ठेवा, तेच तेच सांगत राहा. खूण. आपल्या साबणाच्या जाहिरातीत दुसऱ्याचा साबण चांगला आहे असं कोणी म्हणेल का? हसलो आणि खूण केली. त्याच ओघात तो म्हणतो, युद्धाचा सगळा दोष शत्रूवर ढकलायला हवा होता, वस्तुस्थिती तशी नसली तरी. बाई, तिथंही माझी खूण होती! साबणाच्या फेसात मी खोटेपणालाही मान डोलावून बसलो होतो.

दुसऱ्या भागात सभेच्या वेळेबद्दल आहे. म्युनिकमध्ये सकाळी दहाला घेतलेली त्याची एक सभा अगदी थंड गेली. त्याचं म्हणणं, सकाळी माणूस आपलं मत सहजी सोडत नाही, संध्याकाळी लवकर वाकतो. हा भाग १९२६ च्या अखेरीस छापलेला. मला आता आठवतात ते फॅमिली ग्रुपवर रात्री साडेअकराला येणारे मेसेज. एका समाजाबद्दलचा तसला एक मेसेज मीही जेवून आडवं पडल्या पडल्या पुढे ढकलला होता. सकाळी चहा पिताना पुन्हा वाचला आणि लाज वाटली. डिलीट करायला गेलो, तोवर आत्यानं तो दोन ग्रुपांवर पोचवला होता.

२०१६ मध्ये म्युनिकच्या इतिहास संस्थेनं या पुस्तकाची साडेतीन हजारांहून जास्त टिपांसह चिकित्सक आवृत्ती काढली. त्या विद्वानांचं काम थोरच, पण बातमी वाचताना मला तुमची ती बुटकी पेन्सिल आठवली. त्या टिपा त्याच्या खोटेपणाच्या होत्या. तुम्ही मला माझ्या टिपा काढायला लावल्यात, आणि त्यासाठी हे पत्र. काकांचं ऐकलं नाहीत, त्याबद्दलही मनापासून आभार.

एक कबुली राहिली. परत देताना खोडरबरानं सगळ्या खुणा खोडल्या, एक सोडून. कुठली ते सांगत नाही. पुस्तक अजून कपाटात असेल तर सापडेल.

तुमचा,
एक जुना वर्गणीदार