टिंबर मार्केटमधल्या सुतारकाकांना

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

मोबाइलवरचं बारीक अक्षर तुम्हाला दिसत नाही, म्हणून हे तुमच्या मुलीला पाठवतोय. ती वाचून दाखवेल. बाकीच्यांनीही वाचावं म्हणून उघडपणे लिहितोय.

आम्ही म्हणजे स्की-बॉलवाली पाच पोरं. मिनी प्रोजेक्टला जत्रेतल्यासारखा बॉलचा खेळ करायचा आणि शाळेतली मुलं कॉलेज बघायला येतील तेव्हा मांडायचा, असं ठरलं होतं. या खेळाचं पेटंट 1908 सालचं, न्यू जर्सीतल्या जोसेफ सिम्पसन यांचं. बॉल घरंगळत सोडायचा, पुढच्या चढावरून तो उडी मारतो आणि भोकात पडला की गुण. मूळ खेळाची लांबी तीस फुटांच्या वर होती. आमचा आठ फुटांचा, कारण प्लायची शीट आठ बाय चारची येते. यामागे बाकी काही शास्त्र नाही.

तुमच्याकडे येण्याआधी एका फॅब्रिकेशनवाल्याने तीन आठवडे "उद्या या" केलं. ॲडव्हान्स घेताना त्याला उद्या लागला नव्हता. आमच्या गाइडनी कॉम्प्युटरवरचं थ्रीडी मॉडेल बघून "एक्सलंट" म्हटलं. प्रत्यक्षात प्लाय वळत नाही म्हटल्यावर म्हणाले, "ते तुम्ही फिगर आउट करा." भवानी पेठेत चार दुकानांनी तर एवढ्याशा कामासाठी मानही वर केली नाही.

तुम्ही डबा खात होतात. ड्रॉइंग उलटं धरलंत आणि विचारलंत, "बॉल केवढा?" टेनिसचा बॉल हातात घेऊन दोनदा जमिनीवर आपटलात. मग म्हणालात, "प्लायवर जबरदस्ती चालत नाही. पाठीला कापे द्यायचे, मग तो आपोआप वळतो." बारा एमएमच्या प्लायला नऊ एमएमचे कापे, ओळीने, अर्ध्या अर्ध्या इंचावर. आणि करवत आमच्या हातात दिलीत! आमचा तिसरा कापा आरपार गेला, तुकडा वाया. तुम्ही काही बोलला नाहीत, दुसरा तुकडा पुढे सरकवलात.

पण पत्र लिहायला बसलोय ते त्या करवतीसाठी नाही.

रात्रीचे साडेनऊ झाले होते, शटर अर्धं खाली होतं. टेम्पोवाला हॉर्न मारत होता. आमच्या मते काम संपलं होतं. तुम्ही गुडघ्यावर बसलात आणि चार इंची भोकांच्या आतल्या कडेवरून तळवा फिरवत गेलात. प्रत्येक भोक, पाचही. तिसऱ्याशी थांबलात. पॉलिश पेपर घेतलात, आधी 80 नंबर, मग 120, आणि बोटाला गुंडाळून आतून घासत बसलात. आम्ही म्हटलं, "काका, आतलं कुणाला दिसणारे?" तुम्ही वर न बघता म्हणालात, "दिसायला कशाला? बॉल अडकला की पोरं पहिला हातच घालतात."

आम्ही चढाचा कोन काढला होता, बॅटरी किती तास पुरेल ते काढलं होतं. हात आमच्या ड्रॉइंगमध्ये कुठेच नव्हता. जे पोर आपल्याला कधी दिसणारही नाही, त्याला कूस लागू नये म्हणून दिवसभर राबलेला माणूस जेवण लांबवतो. ही शिकवण कुठल्या सिलॅबसमध्ये नाही, आणि असती तरी आम्ही ती ऑप्शनला टाकली असती. रिपोर्टमध्ये आभाराचं पान असतं. फॉरमॅटप्रमाणे आधी प्राचार्य, मग विभागप्रमुख, मग गाइड. तुमचं नाव आम्ही खाली पेनने लिहिलं. त्यावरून एक मार्क गेला असेल तर जाऊ दे.

खेळ कसा झाला ते सांगायचं राहिलंच. गुण मोजायला लावलेले आमचे आयआर (डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशावर चालणारे) सेन्सर उन्हात वेडे झाले, बॉल न टाकताच गुण वाढायला लागले. शेवटी खडूने फळीवर लिहिलं. खालच्या ट्रेला आम्ही ढाळ कमी दिला होता, त्यामुळे बॉल अडकलाच, पन्नासच्या भोकात. दुसरीतला एक मुलगा कुणाला न विचारता कोपरापर्यंत हात घालून बॉल काढून पळाला. मी त्याला थांबवून हात उलटासुलटा करून बघितला. त्याला वाटलं मी ओरडणार. साधा ओरखडाही नव्हता.

तुमची पाणसळ आमच्या सामानात आली आहे. शनिवारी घेऊन येतो.

तुमची,
स्की-बॉलवाली पोरं