गोठ्यांचीही नोंद व्हावी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

वारसा म्हटले की आपल्या सीमाभागात किल्ले, मंदिरे आणि वाडे एवढ्यांचीच चर्चा होते. शेतीच्या इमारतींकडे कोणी वळून पाहत नाही. गेल्या वर्षी मुलाकडे इंग्लंडला गेलो असता ऑक्सफर्डशायरमधील कोल्सहिल येथील शेतवाडी, म्हणजे शेतीच्या इमारतींचा एकत्र बांधलेला समूह, पाहिली, तेव्हापासून ही उणीव मला फार जाणवते.

१८४६ मध्ये इंग्लंडने परदेशी धान्यावरील संरक्षक कर उठवण्याचा कायदा केला. स्वस्त धान्यापुढे टिकायचे तर उत्पन्न वाढवणे भाग होते, म्हणून तिथल्या जमीनदारांनी शेतवाड्यांवर भरमसाट पैसा ओतला. रॅडनॉरचे अर्ल या उमरावासाठी त्यांचे कारभारी मूर यांनी १८५० च्या दशकात उभारलेली कोल्सहिलची वाडी उतारावर आहे. गवत आणि धान्य वरच्या अंगाला येई, तिथून चारा खाली जनावरांपुढे जाई आणि शेणमूत त्याच्याही खाली गोळा होई. माणसाची उचलठेव वाचावी एवढाच त्यामागचा हिशेब. त्या काळच्या अनेक शेतवाड्यांत पावसाने खताचा कस वाहून जाऊ नये म्हणून अंगणांवरही छप्पर घालत. १८७० नंतर अमेरिकेचे धान्य येऊ लागले आणि घातलेला पैसा पुष्कळांना परत मिळाला नाही, हेही खरे. कोल्सहिलचा मूळ प्रासाद १९५२ च्या आगीत गेला, शेतवाडी मात्र जपली गेली.

खानापूर तालुक्यातील आमचा जांभ्या चिऱ्यांचा गोठा याच विचाराने बांधलेला आहे. माळ्यावर पिंजर भरलेले असते, ते फळीच्या फटीतून थेट गव्हाणीत पडते, आणि फरशीच्या उतारावरून मूत परसातल्या खड्ड्यात जाते. दाव्याच्या घासणीने सागवानी खांबाला बोटभर खोल खाच पडली आहे. कोणाही वास्तुविशारदाचे नाव नसलेले हे शहाणपण आजोबांच्या काळच्या गवंड्या-सुतारांचे आहे. आमच्याच गल्लीत अशा तीन गोठ्यांच्या जागी सिमेंटची खोकी उभी राहिली. बैल गेले, ट्रॅक्टर आले, त्यामुळे मालकांना दोष देता येत नाही.

सगळे गोठे राखा, असे माझे म्हणणे नाही. बेळगावातील वास्तुरचनेच्या विद्यार्थ्यांनी निदान त्यांची मोजमापे घ्यावीत, नकाशे काढावेत आणि गावातील म्हाताऱ्या सुतारांकडून प्रत्येक भागाचे नाव लिहून घ्यावे. ग्रामपंचायतींनीही पाडकामापूर्वी चार छायाचित्रे काढून ठेवावीत. आमचा गोठा त्यांना केव्हाही उघडा आहे.

आपला,
एक शेतकरी वाचक, खानापूर तालुका