पोस्टातले पैसे पोस्टातच राहू देत

प्रिय आई-बाबा,

तीर्थरूप, साष्टांग नमस्कार वगैरे लिहीत बसले तर विषय बाजूलाच राहील म्हणून डायरेक्ट मुद्द्यावर येते. बाबा, रविवारी फोनवर तुम्ही म्हणालात की पोस्टातली सिनियर सिटिझन योजनेची रक्कम काढून आमचं कर्ज थोडं हलकं करू, आणि मागून आईचा आवाज आला की पाटल्या तरी मी कुठे रोज घालते, त्यावर मी नुसतं "बघू" म्हणाले कारण तुमचे जावई शेजारीच बसले होते आणि स्पीकर चालू होता. तर उत्तर "नको" असं आहे. पण नुसतं नको म्हणलं की दोन दिवसांनी परत तोच विषय निघणार हे मला माहितीये, म्हणून सगळं सविस्तर टाईप करून पाठवतेय. बाबा, चष्मा लावून आईला मोठ्याने वाचून दाखवा, आणि मधलं गाळू नका.

आधी हिशेब. घराचं कर्ज ३२ लाखांचं, २० वर्षांचं, २०२४ ला घेतलं तेव्हा व्याज साडेआठ टक्के, हप्ता २७,७७०. पहिल्या हप्त्यातले २२,६६७ रुपये नुसते व्याजात गेले आणि मुद्दलातून सुटले ५,१०३, ते स्टेटमेंट बघून जावई त्या रात्री धड जेवले नव्हते. पण हे लोन रेपो रेटला, म्हणजे रिझर्व्ह बँक बाकीच्या बँकांना ज्या दराने पैसे देते त्याला, जोडलेलं आहे, आणि रिझर्व्ह बँकेने २०२५ मध्ये रेपो साडेसहावरून फेब्रुवारीत सव्वासहा, एप्रिलमध्ये सहा, जूनमध्ये साडेपाच आणि डिसेंबरमध्ये सव्वापाच केला, त्यामुळे आमचं व्याज आता सव्वासातवर आलंय. हप्ता आम्ही तोच ठेवलाय, त्यामुळे मुदत जवळजवळ तीन वर्षांनी कमी झाली. यांना हप्ता कमी करून हवा होता, त्यावरून आमचं जरा वाजलं पण, मी म्हणलं जे पैसे नाहीतच असं धरून आपण जगतोय ते आता परत डोळ्यासमोर कशाला आणायचे.

आता तुमचं बघा. पोस्टात तुम्हाला ८.२ टक्के मिळतात. म्हणजे ८.२ कमावणारे पैसे काढायचे आणि सव्वासातचं कर्ज फेडायचं, वरून मुदतीआधी मोडलं म्हणून पोस्ट मुद्दलातून एक टक्का कापून घेणार. बाबा, तुम्ही उभं आयुष्य पोरांना नफा-तोट्याची गणितं घातलीत, हे गणित सातवीतलं पोरगं सोडवेल.

तुम्ही म्हणाल, बरं मग घराशिवाय तुमचं ते १४ टक्क्यांचं पर्सनल लोन आहे, ते तरी फेडू. इथे हिशेबाने तुम्ही बरोबर आहात, उगाच वाद घालत नाही. पण पोस्टातल्या त्या दहा लाखांचे दर तिमाहीला २०,५०० येतात आणि त्यातूनच आईच्या गुडघ्याचं आणि तुमच्या गोळ्यांचं निघतं, पेन्शनला हात लागत नाही. उद्या तुमचं दुसऱ्या डोळ्याचं मोतीबिंदू किंवा आईचं गुडघ्याचं ऑपरेशन निघालं आणि पोस्टात काही नसलं तर आम्हाला तेव्हा धावपळ करत लोन काढायला लागेल, ते काय सात टक्क्यांनी मिळणार आहे? तेपण चौदाच. त्यापेक्षा हे चौदा भरलेले परवडले. (आणि त्या खात्याला नॉमिनी कोण आहे ते एकदा पासबुकात बघून मला सांगा, विसरू नका.)

पाटल्यांवर मी बोलणारच नाही, त्या आजीच्या आहेत, विषय संपला.

दुसरं असं की हे कर्ज आता आमच्या अंगवळणी पडलंय. ऐकायला विचित्र वाटेल, पण तुम्ही एकरकमी भरून टाकलंत ना तर ही जी घडी बसलीये ती विस्कटेल. ऑफिसमध्ये एकीच्या सासऱ्यांनी तिचं सगळं क्रेडिट कार्डचं बिल भरलं होतं, वर्षाच्या आत कार्ड परत तेवढंच. खर्चाची सवय तीच राहिली तर नुसती थकबाकी पुसून काही होत नाही.

आमच्या कार्डचं तुम्हाला कधी नीट सांगितलंच नव्हतं. यांची कंपनी बंद झाली आणि नवीन नोकरी लागेपर्यंत किराणा, शाळेची फी, सोसायटीचा मेंटेनन्स सगळं कार्डवर गेलं, ते साचून ८४,००० झालं. महिन्याला साडेतीन टक्के व्याज म्हणजे २,९४०, त्या व्याजावर परत १८ टक्के जीएसटी म्हणजे ५२९. बँक म्हणते मिनिमम ड्यू भरा ४,२००. भरले की आपल्याला वाटतं चला भरले, आणि कर्ज कमी होतं सातशे एकतीस रुपयांनी! बाबा, आपल्याकडे सावकाराला लोक नावं ठेवायचे, त्याला निदान तोंड तरी होतं, जाऊन हातापाया पडता यायचं.

पण तरी आधी कार्ड नाही फेडलं. यांच्या गाडीच्या लोनचे अकराएक हजार राहिले होते, ते आधी संपवलं. मी म्हणत होते की ज्याचं व्याज जास्त ते आधी, यांचं म्हणणं असं की एक तरी गोष्ट पूर्ण संपलेली डोळ्यांनी दिसू दे नाहीतर माझा धीर सुटेल. तेव्हा नोकरी नवीन, पगार आधीपेक्षा कमी, माणूस आतून खचलेला. तर ते ऐकलं मी. कर्ज फिटल्याची बँकेची एनओसी आली, फॉर्म ३५ भरून गाडीच्या आरसीवरून बँकेचं नाव काढलं आणि यांचा चेहरा बघण्यासारखा होता. सातबाऱ्यावरचा बोजा उतरल्यावर आजोबांनी पेढे वाटलेले तुम्ही सांगता ना, तोच प्रकार. व्याजाचे चार-पाचशे रुपये जास्त गेले असतील आमचे, गेले तर गेले. त्याच्यानंतर गाडीचा हप्ता मोकळा झाला तो कार्डवर टाकला, बोनस टाकला, आणि कार्ड पण संपलं.

आता उरलंय पर्सनल लोन, आणि घर. आणि खरं सांगू का, सगळ्यात अवघड आत्ताच आहे. सुरुवातीला भीती असते, भीतीने माणूस पळतो. शेवटी संपत आलं की पण हुरूप येतो. मधला जो हा पट्टा आहे ना तो नुसता कंटाळवाणा आहे. काही वाईट होत नाही, काही चांगलं पण होत नाही, दर महिन्याला पर्सनल लोनचे ९,३०७ जातात, आणि शेजारचे मनालीला जाऊन आलेले असतात. तेव्हा वाटतं की मरू दे, आपण पण एकदा जाऊन येऊ, अजून किती दिवस हे असं.

तुम्हाला हा प्रकार माहीत नाही बाबा. तुमचं घर शिक्षक पतसंस्थेच्या कर्जावर झालं, हप्ता पगारातूनच कापून यायचा, हातात पडायचं तेवढ्यात आई भागवायची आणि फरकाचे पैसे आले की ते पण तिथेच भरायचात. मन मारायचा प्रश्नच नव्हता, पैसे दिसायचेच नाहीत. आमच्याकडे एक तारखेला पूर्ण पगार खात्यात, पाच तारखेला हप्ता, मधले चार दिवस आम्ही राजे! म्हणून बँकेत जाऊन हप्त्याची तारीखच दोन करून घेतली, तुमचीच आयडिया म्हणा हवं तर. आणि घरखर्चाचं खातं वेगळं केलं, यूपीआय फक्त त्यालाच जोडलंय, त्यात दर सोमवारी साडेतीन हजार टाकायचे, भाजी, दूध, रिक्षा, किरकोळ सगळं त्यातच. महिन्याचे एकदम टाकून बघितले होते तर वीस तारखेला खडखडाट. आठवड्याचं बरं पडतं, शुक्रवारी संपले तर दोनच दिवस पिठलं-भाकरी, आणि पिठलं-भाकरी तर यांना आवडतेच.

अजून एक. मला आधी वाटायचं आमचं बजेट अचानक आलेल्या खर्चांनी कोलमडतं. मग जुनी कालनिर्णयं काढून बघितली, मी तुझ्यासारखंच मागे लिहून ठेवते आई. जूनमध्ये शाळेची फी, गणपती, दिवाळी, गाडीचा इन्शुरन्स, लग्नसराईतले आहेर. यातलं अचानक काय आहे? दिवाळी दरवर्षी येते! मग सगळ्याची बेरीज केली, भागिले बारा, आणि तेवढी आरडी लावली. आणि पन्नास हजार वेगळे बाजूला, ते फक्त दवाखाना नाहीतर नोकरीवर गदा आली तरच. लोन असताना पन्नास हजार नुसते पडून ठेवायचे म्हणजे मूर्खपणा असं दादा म्हणाला, त्याला म्हणलं तुझं एकट्याचं आहे म्हणून, इकडे पिल्लूला रात्री दोन वाजता ताप येतो तेव्हा कार्ड काढायला लागू नये म्हणून आहेत ते.

पिल्लूचं तर ऐकाच. चौकटीच्या वहीचा एक कागद फ्रिजवर लावलाय, ऐंशी चौकटी, एक चौकट म्हणजे पर्सनल लोनचं पाच हजार मुद्दल फिटलं, रंगवायचं काम तिचं. सुरुवातीला महिन्याला एक चौकट पण होत नव्हती, तर ती रोज विचारायची आज रंगवू का. एकदा संध्याकाळी घरी आले तर बाईंनी पुढच्या दोन ओळी चमकीच्या पेनाने रंगवून टाकलेल्या, म्हणे "बँकेला सांग ना झाले म्हणून." मी ओरडणार होते पण हे एवढे हसले की राहूनच गेलं. त्या चमकीच्या चौकटी आता आम्ही खरोखर भरतोय, त्यातली एक जरी खरी झाली तरी ती स्वतः त्यावर बरोबरची खूण करते. शेजारच्या काकूंना तिने सांगितलंय की आमच्या एवढ्या चौकटी राहिल्यात, त्यांना वाटलं टाईल्सचं काम चाललंय.

आणि असं नाही हं की आम्ही पोटाला चिमटा घेऊन बसलोय. महिन्याला दोघांना हजार-हजार आहेत, त्याचा हिशेब विचारायचा नाही असं ठरलंय. हे मिसळ खातात मित्रांबरोबर, मी काय करते ते सांगणार नाही. हे हजार बंद केले तर दोन महिन्यांत सगळं बारगळेल हे मी लिहून देते, कारण माणूस मोठ्या गोष्टीला नाही म्हणू शकतो, रोजच्या चहाला किती दिवस म्हणेल.

आता तुमच्याकडून काय पाहिजे ते. पैसे नकोत. आई, तू एकाच फोनवर आधी म्हणतेस "एवढं मन मारू नका गं, हेच दिवस असतात" आणि पाच मिनिटांनी "पनीर कशाला आणलंस, केवढ्याला पडतं", यातलं एक काहीतरी ठरव. आत्याला आमचं काही सांगू नका, "पोरीचं जरा ओढाताणीचं चाललंय" हे वाक्य तिने लग्नात चार जणांसमोर यांना ऐकवलं आणि ते परतीच्या वाटेवर एक शब्द बोलले नाहीत. जावयाला सासऱ्यांनी पैसे देणं त्यांना किती लागेल हे तुम्ही समजू शकता बाबा, तुम्ही तर सासरवाडीचा साधा चहा घ्यायला पण लाजायचात असं आईच सांगते. आणि दिवाळीला मला साडी नको, यांना कपडे नकोत, पिल्लूला काय घ्यायचं ते घ्या, तिच्यापुढे आपलं कोणाचं चालत नाही.

शेंगदाणे, भाजणी, तुपाचा डबा हे मात्र पाठवा, त्याला मी कधीच नाही म्हणलेलं नाही. गेल्या वेळचं तिखट संपत आलंय आणि इथलं विकतचं नुसतं लाल असतं.

पाडव्याला आम्ही येतोय फलटणला, गाडी न काढता एसटीनेच. बायकांना हाफ तिकीट आहे त्यामुळे माझं निम्मंच लागतं, पेट्रोल आणि टोल बघितला तर किती वाचतात ते बाबा तुम्हीच काढा. स्वारगेटहून सकाळची धरू, दुपारी जेवायलाच येतो. आई, पुरणपोळीचा घाट घालू नकोस, गुडघ्याने उभं राहवत नाही तुला, मी आले की दोघी मिळून करू. बाबा, तिचे एक्स-रे आणि जुन्या चिठ्ठ्या एका पिशवीत काढून ठेवा, येताना आठ दिवसांसाठी तिला इकडे घेऊन येईन म्हणते, इथे एकदा डॉक्टरांना दाखवू. तुम्ही पण या, पण तुम्ही येणार नाही, झाडांना पाणी कोण घालणार म्हणाल.

तुमची,
ताई

ता. क. बाबा, हे वाचून झालं की ग्रुपवर फॉरवर्ड करू नका.