आईच्या थकव्याविषयी, पण दोघांनाही

पुणे

तीर्थरूप आई आणि बाबा यांना साष्टांग नमस्कार.

फोनवर आई पहिल्या दोन वाक्यांतच बाबांच्या गोळ्यांवर येते आणि तिच्या प्रकृतीविषयी विचारले, की "मला काय धाड भरली आहे" म्हणून विषय संपवते. म्हणून हे लिहून पाठवते आहे, आणि यातले काही मुद्दाम बाबांसाठी असल्यामुळे दोघांच्या नावाने पाठवते आहे.

आई, दिवाळीत घरी होते तेव्हा तुझ्या कामापेक्षाही माझ्या लक्षात राहिले ते तुझे अखंड सावध असणे. बाबा खुर्चीतून उठू लागले की ते अडखळतील म्हणून तू हातातली भाजी टाकून पाहतेस, रात्री त्यांना कूस बदलता आली नाही तर त्यांच्या नुसत्या हालचालीने जागी होतेस आणि पार्किन्सनवरची लिव्होडोपाची गोळी ठरल्या वेळी गेली का, डाळ-दुधातली प्रथिने तिच्या आड तर येणार नाहीत ना, हा हिशेब दिवसभर मनात मांडत राहतेस. हात रिकामे असतात तेव्हाही हे काम थांबत नाही, त्यामुळे दुपारी तासभर पडूनही तुला विश्रांती मिळत नाही. मे महिन्यात तू याला नागपूरचे ऊन म्हणत होतीस आणि 45 अंशांच्या त्या दिवसांत ते पटतही होते. पण आता स्वेटर बाहेर निघाले, तरी थकवा गेलेला नाही.

हा थकवा मनाचा आहे, असे मला वाटते. भजनी मंडळात जाणे तू गुडघ्यांमुळे नव्हे, तर "चार जणींशी बोलायचाच कंटाळा येतो" म्हणून सोडलेस. फोडणी दिली की नाही हे तुला आठवत नाही, बाबांनी पाणी सांडले तर तू अंगावर धावून जातेस आणि नंतर देवघरात डोळे पुसतेस. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये रोगांच्या वर्गीकरणात 'बर्नआउट'च्या तीन खुणा सांगितल्या: शक्ती संपल्याची भावना, कामाविषयी दुरावा किंवा कडवटपणा, आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असे वाटणे. ती व्याख्या त्यांनी नोकरीपुरतीच ठेवली आहे. मला हे विचित्रच वाटते, कारण नोकरदाराला निदान रविवार असतो.

बाबा, आता तुमच्यासाठी. पार्किन्सनमध्ये चेहऱ्याचे स्नायू ताठरतात, हावभाव कमी होतात आणि आवाज खाली जातो. शिवाय काही करण्याची इच्छाच मंदावणे हेही या आजाराचेच लक्षण असू शकते. आईला हे डॉक्टरांनी सांगितलेले आहे, पण समोर निर्विकार चेहरा दिसला की तिला तुमची नाराजीच दिसते, आणि केलेल्याची दखलच घेतली जात नाही असे रोज वाटत राहणे हे मला तिच्या थकव्याचे सर्वांत मोठे कारण वाटते. त्यामुळे जे चेहऱ्यावर उमटत नाही, ते कृपया शब्दांत सांगा. जेवण चांगले झाले, आता मला काही नको, तू आत जाऊन झोप, एवढे पुरे. गोळ्यांचा गजरही तुमच्याच मोबाइलवर लावा. एक हिशेब तरी तिच्या डोक्यातून उतरेल. आणि तुम्हालाच उदास वाटत असेल, तर तेही पुढच्या तपासणीत डॉक्टरांना सांगा, कारण या आजारात नैराश्य बऱ्याचदा आढळते आणि त्यावर उपचार होतात.

आई, तुझे हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-12 आणि साखर तपासून घ्यायची आहे. यांतले काही बिघडले असेल, तर नुसत्या विश्रांतीने भागणार नाही. झोपेसाठी शेजारच्या काकूंची गोळी अर्धी करून घेऊ नकोस. या वयात अशा गोळीने तोल जाऊन पडण्याची भीती असते. दोन आठवडे सतत मन खिन्न राहिले किंवा कशातच गोडी वाटेनाशी झाली, तर हा नुसता थकवा नाही असे समजून डॉक्टरांना दाखवायचे, आणि जगणे नकोसे वाटले तर एक दिवसही थांबायचे नाही. मेडिकलमध्ये, म्हणजे आपल्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात, मानसोपचार विभाग आहे. तिथे कोणी ओळखीचे भेटेल ही तुझी शंका मला ठाऊक आहे, म्हणून आधी घरूनच 14416 या टेलिमानसच्या क्रमांकावर बोल. ही सरकारी सेवा मोफत आहे, रात्रीही चालते आणि तिथे मराठीत बोलता येते.

राहिला मदतनिसाचा प्रश्न. परक्या माणसाने अंघोळ घालावी हे बाबांना आवडणार नाही आणि ते मला समजते. म्हणून सुरुवात दुपारच्या तीन-चार तासांनी, चालण्याला सोबत आणि व्यायाम एवढ्यापुरतीच करू. ते तास, आई, डबे घासण्यासाठी किंवा सांबारवड्या करण्यासाठी नाहीत. झोप, नाहीतर महाल भागात मावशीकडे जा, आणि तिथून घरी फोन करू नकोस. खर्च मी आणि दादा वाटून घेणार आहोत, त्यावर चर्चा नको.

मदतनीस पुरवणाऱ्या ब्युरोकडून माणूस पाहायला येईल तेव्हा त्याच्याशी बाबांनीच बोलावे आणि वेळही त्यांनीच ठरवावी. रविवारी मी आधी बाबांना फोन करते.

तुमची,
मोठी